बाजेवरची जागा

माणसं मोठी कधी होतात हे मला अजून कळलेलं नाही. सगळं आयुष्य एसटीत वाहक म्हणून काढलं, मोर्शी-अमरावती रस्त्यावर कितीतरी लेकरं माझ्या डोळ्यांदेखत वाढली, तरी नाही कळलं. आज आईच्या मांडीवर झोपलेलं पोरगं थोड्या दिवसांनी खिडकीसाठी भांडतं, आणि मग एक दिवस त्याचे गुडघे समोरच्या बाकाला टेकतात. मधलं कधी झालं? मी तर रोज त्याच गाडीत होते. कुणी म्हणेल, त्यात काय एवढं, सगळीच लेकरं वाढतात. वाढतात ना. पण मला ते पाहिलं की अंगावर काटा येतो, त्याला मी काय करू?

आमच्या धंद्यात वाढण्याचा हिशेब सोपा आहे. बारा वर्षं पूर्ण होईपर्यंत अर्धं तिकीट, त्यानंतर पूर्ण. या एका नियमावरून मी जेवढी भांडणं केली असतील तेवढी सासरीही केली नाहीत. ओठावर मिसरूड फुटलेल्या पोराला पुढं करून आया शपथेवर सांगतात, "अकरावं चालू हाय." मी म्हणते, "असं का? मंग दाढी काय बालवाडीतच सुरू केली?" गाडी हसते, आई फणफणते, मी पूर्ण तिकीट फाडते. आता सरकारनं बायकांना सरसकट अर्धं तिकीट केलंय, त्यामुळे पोरींच्या वयावरून होणारी भांडणं संपली. मला तर थोडं चुकल्यासारखंच होतं.

या सगळ्या वर्षांत एकच मुलगी अशी भेटली, जी स्वतःहून म्हणाली, "मावशी, आज मले फुल द्या. काल बारा पूर्न झाले." सोबत आई होती, तिनं कपाळावर हात मारला. मुलगी मात्र ताठ उभी. तिकीट हातात घेतलं, उलटून पालटून पाहिलं आणि कंपासपेटीत ठेवून दिलं.

ती प्रणाली तायडे, माझ्या शेजारच्या जानरावची धाकटी. तिला मोठं व्हायची एवढी घाई का होती, ते सांगायचं तर आधी तिच्या बापाबद्दल सांगावं लागेल.

जानराव संत्र्याची कलमं बांधायचा. आमच्या भागात संत्र्याची बाग बी टोकून उभी राहत नाही. आधी जंबेरीचं रोप वाढवतात. जंबेरी म्हणजे लिंबाच्याच जातीतलं एक रानटी झाड, अंगभर काटे, फळ खडबडीत आणि आंबट. ते रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या संत्र्याच्या फांदीवरचा एक डोळा, म्हणजे न फुटलेला कोंब, अलगद काढून त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. डोळा फुटला की जंबेरीचा शेंडा छाटून टाकायचा. मग खाली जंबेरी आणि वर संत्रा, मध्ये एक गाठ. ही गाठ झाड म्हातारं होईपर्यंत दिसते. जानराव हंगामात टोळीबरोबर नर्सरी-नर्सरी फिरायचा आणि दिवसभर वाकून हे काम करायचा. त्याच्या डाव्या अंगठ्यावर चाकूच्या इतक्या रेघा होत्या की हात पाहणारा ज्योतिषी गोंधळून गेला असता.

या जानरावनं आपल्या घरात एक कायदा केला होता. पोर पाचवीत गेलं की त्याच्या हातानं परसात संत्र्याचं एक कलम लावायचं. त्या झाडाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. पाणी त्यानंच घालायचं, गवत त्यानंच काढायचं, झाड मेलं तर तेही त्यानंच पाहायचं. आणि ज्या वर्षी झाडाला फळ येईल, त्या वर्षी पोर मोठं झालं.

मोठं झालं म्हणजे काय, तर बाजेवर बसायला मिळायचं. त्यांच्या अंगणात कडुनिंबाखाली सुतळीची एक बाज असायची. घरातलं काही ठरवायचं असलं की जानराव आणि त्याची बायको पंचफुला त्या बाजेवर बसायची, आणि बाजेवर बसलेल्या प्रत्येकाला विचारलं जायचं, "तुले काय वाटते?" जो खाली उभा, त्याला नाही. त्यानं हट्ट करावा, रडावं, पाय आपटावेत, सगळी मोकळीक. पण तो प्रश्न मात्र त्याच्या वाट्याला यायचा नाही.

हे कुठून काढलं, म्हणून मी एकदा जानरावला छेडलं होतं. तो पट्ट्या गुंडाळत होता. म्हणाला, "मले कोनीच कवा इचारलं नाई, बाई. शाळेतून काढलं तवा नाई, लगन लावलं तवाबी नाई. मंग म्हटलं, माह्या लेकराइले कवातरी इचारन्यात यावं. अन् तो दिवस त्याइले ध्यानात राहावा." मला तोंडाळ म्हणतात, पण त्या दिवशी मी खाली बसून त्याच्या पट्ट्या गुंडाळू लागले.

थोरल्या सुगतचं झाड वेळेवर फळलं. त्या संध्याकाळी तो धुतलेले कपडे घालून बाजेवर बसला. पहिला प्रश्न काय, तर बुद्धपौर्णिमेला विहारात आपल्या घरची खीर तांदळाची न्यावी की शेवयांची. पोरानं एवढा विचार केला की मला वाटलं आता घटना दुरुस्त करतो की काय. शेवटी म्हणाला, "शेवयाची." आणि पंचफुलानं खरोखर शेवयांची केली. प्रणाली खाली उभी राहून हे सगळं पाहत होती. तिच्या डोळ्यांत जी भूक होती ती खिरीची नव्हती.

तिचं झाड तोवर लागलेलं होतं, आणि त्याच्यावरची आफतही येऊन गेली होती.

झालं असं की कलम लावलं त्या वर्षी जानराव वरूडकडं कामाला होता, अधूनमधून घरी यायचा. झाडानं नुकतं अंग धरलं होतं. एका दुपारी कुणाची तरी बकरी परसात शिरली आणि शेंडा, पानं, कोवळी काडी सगळं खाऊन गेली. गाठीच्या वर बोटभर सुकी काडी उरली. प्रणाली शाळेतून आली आणि तिनं जो टाहो फोडला, तो ऐकून मी हातातली पोळी तव्यावर सोडून धावले. मला वाटलं पोरीला साप चावला. जाऊन पाहते तर ती त्या काडीसमोर मांडी घालून बसलेली.

सगळी गल्ली तिला सांगत होती, मेलं ते, बाप दुसरं आणून देईल. ती ऐकेना. बाभळीचे काटे ओढून आणून कुंपण केलं. बोटांतून रक्त आलं तरी कुणाला काटा धरू दिला नाही. सकाळ-संध्याकाळ हातपंपावरून पाण्याचा मग भरून आणायची आणि पाणी घालताना झाडाशी काहीतरी पुटपुटायची. मी ड्युटीवर जाताना रोज पाहायची, येताना पाहायची. काडी आपली सुकीच्या सुकी.

आणि मग एका सकाळी ती माझ्या दारात, केस विस्कटलेले. हात धरून मला ओढत नेलं. बुडाशी, मातीला लागून, दोन कोंब आले होते. हिरवेगार, चकचकीत, नखाएवढी पानं. मी खाली बसले. खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. मेलेलं परत आलेलं आपण किती वेळा पाहतो?

त्या आनंदात एक गोष्ट पाहायची राहून गेली. कोंब गाठीच्या खाली होते. गाठीखालून येतो तो पानसोट, जंबेरीचा कोंब, दिसल्याबरोबर खुडून टाकायचा. कलमवाल्याच्या घरात हे लेकराला बोलायच्या आधी कळतं. प्रणालीलाही कळत होतं. पण जो हिरवा कोंब रडून-रडून मागितला, तो आल्यावर वर आला की खाली आला हे कोण पाहतं?

आठवडा संपताना जानराव आला. पोरीनं त्याला पाय धुवू दिले नाहीत, तसाच परसात नेला. तो वाकला, कोंबाचं एक पान तोडलं, बोटांत चुरलं आणि नाकाशी नेलं. मी कुंपणापलीकडून पाहत होते. त्यानं ते पुन्हा एकदा हुंगलं. मग हात पायजम्याला पुसला आणि म्हणाला, "जगलं."

पोरगी नाचत सुटली. त्याचा चेहरा मात्र मला काही निराळा वाटला, पण माझी गाडीची वेळ झाली होती.

ते झाड असं वाढलं की काय सांगू! सुगतच्या झाडाला मागं टाकलं, कौलांच्या वर गेलं, सावलीत कोंबड्या बसू लागल्या. पानं तुकतुकीत, काटे सुईसारखे. फुलायचं तेव्हा वास माझ्या स्वयंपाकघरात यायचा आणि भाजीला काय टाकलंय तेच कळायचं नाही. प्रणाली त्याच्या शेजारी उभी राहून उंची मोजायची, आणि दरवेळी हरायची, आणि हरल्याचा तिला अभिमान.

दहावीच्या वर्षी झाडाला फळं धरली. ती पिवळी होऊ लागली तशी गल्लीत कुजबुज सुरू झाली. शेवटी एका संध्याकाळी प्रणालीनं सर्वांत मोठं फळ तोडलं, धुतलं आणि दोन्ही हातांत धरून बाजेपाशी आली. फळ कसलं, खडबडीत, गाठागाठांचं. बाजेवर आई, बाप, भाऊ.

"बाबा, फळ आलं. मी बसू?"

पंचफुलाला हसू आवरलं नाही. बाई वाईट नाही, पण हसली. "अवं बह्याड, हे का संत्रं होय? हे तं जंबेरी हाय." सुगत तर पोट धरून हसला. तेव्हापासून तो तिला जंबेरीबाई म्हणू लागला, आणि नाव अख्ख्या गल्लीला आवडलं.

जानराव हसला नाही. सुतळीचा एक धागा नखानं उकरत राहिला. प्रणालीनं फळ पोटाशी धरलं. मग आत गेली. ती रडली असती तर बरं झालं असतं असं मला वाटलं. त्यानंतर बाजेवर काही ठरत असलं की ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची, आणि तिला कुणी काही विचारायचं नाही.

लोक म्हणाले, तोडून टाका ते काटेरी झाड. पण ते तोडायचा हक्क तिचा एकटीचा, आणि ती तोडत नव्हती.

बारावीचा निकाल लागला. पोरगी चांगल्या मार्कांनी पास झाली. पंचफुलाचा भाऊ देवमन अकोल्याला एका दवाखान्यात नोकरीला. त्यानं धावपळ करून भाचीसाठी नर्सिंगची जागा पक्की करून आणली. माझ्याच गाडीनं आला, पेढे घेऊन. वाटभर सांगत होता, "शिकल्याबरोबर नोकरी, बाई. माह्या बहिनीची पोरगी पांढऱ्या कपड्यात पाहाची हाय मले." माणूस मनापासून बोलत होता. मला संध्याकाळी यायचं आवतण त्यानंच दिलं.

निंबाखाली बाजेवर जानराव, पंचफुला, सुगत आणि देवमन. मला खुर्ची. मागं भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याला नवा हार. प्रणाली पाण्याचे पेले घेऊन आली आणि पेले वाटून चौकटीला जाऊन टेकली.

जानरावनं एकेकाला विचारलं. पंचफुला म्हणाली, "पाठवा. मातीतून निंगाली पाहिजे पोरगी. तुमचे हात पाह्यता ना कसे झाले?" तिचा आवाज कापरा होता, त्यात खरी माया होती. सुगत म्हणाला, "पाठवा." देवमनचं तर म्हणणंच होतं. मग जानराव माझ्याकडं वळला. "ललिताबाई, तुमाले काय वाटते?"

मी खुर्चीतून चौकटीकडं पाहिलं. पोरगी मान खाली घालून उभी. आयुष्यभराची गोष्ट ठरत होती, शेजारणीलाही विचारून झालं होतं, आणि जिला जायचं होतं ती पेले गोळा करायची वाट पाहत होती. माझं डोकं सणकलं. माझं सणकायला फार लागत नाही.

"मले काहून इचारता?" मी म्हटलं. "मी कंडक्टर हाय. गाडीत लेकरू एकटं बसलं असलं तरी मी त्याच्यापाशी जातो अन् इचारतो, कुठं जायचं? त्याले इचारल्याशिवाय तिकीट नाई फाडत मी. तुमी पोरीचं तिकीट फाडून मोकळे झाले, अन् कुठं जायचं ते इचारलंच नाई!"

पंचफुलानं पदर तोंडाला लावला. देवमन जरा ओशाळून म्हणाला, "तसं नाई बाई. पन भाऊजींच्या घरचा कायदा हाय ना. तिचं झाड तं जंबेरी निंगालं."

तेव्हा जानराव बोलला, जमिनीकडं पाहत. "मले मालूम होतं."

"काय मालूम होतं?"

"पयल्याच दिवशी. पान चुरलं अन् वास आला. जंबेरी." त्यानं मान वर करून पोरीकडं पाहिलं. "तुले सांगाले पाह्यजे होतं, बापा. तवाच खुडून दुसरं लावलं असतं तं आज संत्रं आलं असतं. पन तू इतकी रडली होती. तू जगवलेलं होतं ते. मी कोन्या तोंडानं म्हनू का हे मेलं म्हनून?"

प्रणालीनं बापाकडं असं पाहिलं, की मला तिकडं पाहवेना. एवढी वर्षं तिला वाटत होतं, चूक आपली एकटीची.

जानराव बाजेवर एका अंगाला सरकला. सरकताना बाज करकरली. शेजारी हात ठेवला. "ये. बस."

ती आली. बसली. तिच्या वजनानं सुतळी थोडी खाली गेली, बाकीचे किंचित तिच्याकडं कलले. बापानं विचारलं, "प्रणाली, तुले काय वाटते?"

आणि काय सांगू, पोरीला उत्तरच देता येईना! एवढी वर्षं ज्या प्रश्नासाठी ताटकळली, तो आल्यावर तिचा चेहरा पांढरा पडला. आता ती जे म्हणेल ते होणार होतं. उद्या ते चुकलं तर कुणाकडं बोट दाखवायची सोय नव्हती. माझ्यासमोर ती मोठी होत होती, अगदी त्याच क्षणी, आणि मी पहिल्यांदा ते होताना पाहिलं. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

"मी उद्या सांगीन," ती म्हणाली.

"अवं, उद्या काय?" देवमन म्हणाला. "जागा काय बसून राहीन?"

"तिले इचारलं ना?" जानराव म्हणाला. "मंग थांबा."

दुसऱ्या दिवशी सकाळी फाट्यावर गाडी थांबली तर देवमन आणि प्रणाली दोघं उभे. देवमनचं तोंड फुगलेलं. मी प्रणालीला मुद्दाम विचारलं, "कुठं जायचं?"

"अकोल्याले, मावशी. शेतीचं शिकाले, फारम भराचा हाय. सध्या अमरावतीपर्यंत द्या." मग हळूच म्हणाली, "आई रडली. पन बाबानं सांगितलं, इचारलं तं ऐकाव लागते."

गाडीत गर्दी नव्हती. ती खिडकीशी बसली, मी शेजारी टेकले. दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा पळत होत्या. ती म्हणाली, "मावशी, वर नका पाहू. खाली पाहा, बुंध्यापाशी."

मी पाहिलं. प्रत्येक झाडाच्या बुडाशी ती गाठ. गाठीच्या वर एक साल, खाली निराळी. एक झाड, दुसरं, शंभर, हजार. वर नाजूक संत्रा, आणि खाली सगळीकडं ती काटेरी, आंबट जंबेरी, मातीत घट्ट उभी. या रस्त्यानं मी किती वर्षं जात होते! संत्री पाहिली, फुलं पाहिली, तोडलेल्या फळांचे ढीग पाहिले. पाय कुणाचे आहेत ते एकदाही पाहिलं नव्हतं. मोर्शीपासून नजर जाईल तिथवरचा सगळा मुलूख जंबेरीच्या मुळांवर उभा होता. मी तिकिटं द्यायची विसरले. शेवटी ड्रायव्हरनं ओरडून विचारलं, "बाई, झोपल्या का?"

प्रणाली शिकून आली. देवमनच्याच घरी राहिली. त्याचा रुसवा पहिल्या परीक्षेच्या निकालापर्यंत टिकला, नंतर तोच लोकांना सांगू लागला की कल्पना माझीच. परत आल्यावर तिनं गावालगत थोडी जमीन ठेक्यानं घेतली आणि नर्सरी टाकली. आमच्याकडं बाया पट्टी बांधतात, चाकू पुरुषांच्या हातात. टोळीतले पुरुष तिचा हात पाहून आधी हसले, मग गप्प झाले, मग त्यांच्यातल्या दोघांनी आपल्या मुली तिच्याकडं कामाला पाठवल्या. जानराव आता कलमं बांधत नाही. हात थरथरतो. मुली चुकल्या की बाजेवरून ओरडायचं काम तेवढं त्यानं स्वतःकडं ठेवलंय.

आणि रोपांसाठी बी कुठलं? त्याच झाडाचं. कुणीतरी सुचवलं होतं की झाडाच्या फांद्यांवर संत्र्याचे डोळे बांध, लाज झाकली जाईल. ती म्हणाली, "त्याले कायची लाज?" हंगामात त्या एका झाडाच्या फळांचा घमघमाट गल्लीभर सुटतो, मुली गोल बसून फळं कापतात, बिया धुऊन वाफ्यात पेरतात. तिच्या नर्सरीतून गेलेली कलमं आता माझ्या रस्त्यावरच्या बागांमध्ये उभी आहेत. काहींना फुलं यायला लागलीत. मी नव्या प्रवाशांना उगाच सांगते, "हे पाह्यता ना, याचे पाय आमच्या गल्लीतले हायेत." लोक म्हणतात, कंडक्टरबाईचं डोकं फिरलं. फिरू दे.

आता शेवटचं सांगते, कारण ते याच जानेवारीत झालं आणि माझ्या मनातून जात नाही.

सुगतची मुलगी पायल, दुसरीत आहे. कायदा पाचवीचा, पण नातीच्या बाबतीत आजोबाला कुठला धीर? गेल्या वर्षीच तिचं कलम लावून मोकळा झाला. थंडीत वानरांची टोळी आली आणि शेंडा मोडून गेली. पायल आत्याच्याच वाणाची, रडारड, कुंपण, मगानं पाणी, सगळं तसंच.

एका रविवारी मी त्यांच्या अंगणात सुपात बोरं निवडत बसले होते. पायल परसातून ओरडत आली. "आत्या, जगलं! चाल पाहाले! दोन कोंब आले, मोठे मोठे!"

आम्ही सगळे गेलो. जानरावही काठी टेकत आला. मला लांबूनच दिसलं, आता मला दिसतं. दोन जाडजूड कोंब, गाठीच्या खाली. आणि गाठीच्या जरा वर, सालीत, मोहरीएवढा एक हिरवा ठिपका, जगेल की नाही सांगता येणार नाही असा.

प्रणाली वाकली. कोंबाचं एक पान तोडलं, बोटांत चुरलं, नाकाशी नेलं. पायल तिच्या तोंडाकडं पाहत होती, श्वास रोखून. मी जानरावकडं पाहिलं. त्याची काठीवरची मूठ आवळली होती. आम्हा दोघांनाही तो दिवस आठवत होता. माझ्या मनात आलं, आता ही काय म्हणणार?

प्रणालीनं ते चुरलेलं पान पायलच्या नाकाशी धरलं. "घे, वास घे." मग सुगतच्या जुन्या संत्र्याचं एक पान तोडून चुरलं. "आता याचा घे."

पायलनं एकदा हा हात हुंगला, एकदा तो. तिचा चेहरा उतरला. "हा येगळा हाय."

"हो. हे मोठे कोंब जंबेरीचे हायेत. अन् हा पाह्य, इथं, बारीकसा. हा संत्र्याचा. मोठे खुडले तं हा जगन का नाई, मले सांगता येत नाई. राहू दिले तं झाड मोठं होईन, पन जंबेरीचं होईन." ती उकिडवी बसली, पोरीच्या डोळ्यांना डोळे लावून. "झाड तुव्हं हाय. काय कराव? तुले काय वाटते?"

"अवं, तिले काय इचारतं?" पंचफुला दारातून म्हणाली. "फळ नाई, फूल नाई, सात वर्साचं लेकरू ते!"

प्रणाली हलली नाही. म्हणाली, "फळ येईपर्यंत मी लय थांबली होती, आई."

पायलनं एकदा कोंबांकडं पाहिलं, एकदा त्या ठिपक्याकडं. मग ती वळली आणि अंगणात गेली, आम्ही तिच्या मागोमाग. ती बाजेपाशी जाऊन थांबली. जानराव आधी बसला. मग काठी बाजूला ठेवून एका अंगाला सरकला आणि शेजारी थरथरता हात ठेवला.

"ये. बस."

पायल दोन्ही हातांनी दोर धरून चढली आणि बसली.

"मंग?" पंचफुलानं विचारलं. तिचा आवाजही आता मऊ झाला होता.

"थांबा ना," पायल म्हणाली. "मी इचार करून राह्यली."

आम्ही थांबलो. पंचफुला दारात, प्रणाली निंबाला टेकून, मी मांडीवर बोरांचं सूप घेऊन. पोरगी बाजेवर ताठ बसून विचार करत होती, आणि तिचे पाय जमिनीपासून चांगले वीतभर वर होते.